खर्जमामा आणि त्यांचं कपाट

खर्जमामा कुणाच्याही घरात शिरले की पाणी पिण्याआधी तिथल्या वस्तू ठोकून बघायचे. रांजण, लोखंडी कपाट, पत्र्याची कोठी, गॅसची टाकी, काहीही. बोटाच्या पेरानं ठोकायचं, कान तिरका करायचा, आवाज पसंत पडला तर मान हलवायची आणि पुढच्या वस्तूकडे वळायचं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमची माणसं मुलाचं घर बघायला झरीला गेली. बाकीचे शेती किती, विहिरीला पाणी किती हे विचारत होते. मामांनी सरळ माजघरातली धान्याची कोठी ठोकली. माझ्या होणाऱ्या सासूबाई जरा ताठ्यातच म्हणाल्या, "पाहुणे, भरलेली हाय ती."

"म्हणूनच घुमंना," मामा म्हणाले. "द्या पोरगी. घर भक्कम हाय."

सगळे हसले आणि बैठक तिथंच मोडून चहा आला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरी अजून कोठीजवळून जाताना कुणीतरी टिचकी मारतंच.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, मूळचे वालूरचे. गावातल्या जयंतीच्या गायनपार्टीत ते पोरवयात कोरसला उभे राहत. त्यांचा आवाज सगळ्यांच्या खाली, थेट जमिनीतून आल्यासारखा यायचा, म्हणून पार्टीच्या मास्तरांनी त्यांना 'खर्ज' म्हणायला सुरुवात केली. पुढं भाचरांसाठी त्याचं खर्जमामा झालं आणि मग सगळ्या गावानं तेच उचललं.

पोटापाण्यासाठी ते मुंबईला गेले, गोदामात कामाला लागले. शेजारच्या खोलीत एक म्हातारे गोवेकर वादक राहायचे. ते मोठ्या हॉटेलांत जॅझच्या बँडमध्ये डबल बेस वाजवत. व्हायोलिन खाऊनपिऊन माणसापेक्षा उंच वाढलं तर जसं दिसेल, तसं ते वाद्य. चार जाड तारा, आणि त्या बहुतेक वेळ बोटांनीच ओढायच्या. म्हाताऱ्यांना ते जिन्यावरून उतरवणं जमेना, म्हणून मामा संध्याकाळी हमाली करू लागले. "आधी उचलायला शिकलो, मग धरायला शिकलो, मग वाजवायला," असं ते आपलं शिक्षण सांगायचे. म्हाताऱ्यांची बोटं सुजून आखडली तेव्हा बँडनं मामांनाच उभं केलं. तिथून पुढं हॉटेलं, मग परदेशी प्रवाशांची मोठी जहाजं. पांढरा शर्ट, गळ्यात काळा बो, पाठीमागं समुद्र, असे त्यांचे फोटो आमच्याकडे आहेत. पण कुठल्याही बंदराबद्दल विचारलं तर एकच उत्तर मिळायचं, "हवा दमट हाय तिथली. लाकडाला लय मानवती."

जॅझ म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा भाकरी खाता खाता समजावलं होतं. "हे बघ, आधी समदे मिळून एक गाणं वाजवितेत. मग एकेक जण गाव फिरायला निघतो. भोंगेवाला निघतो, पियानोवाला निघतो, मनाला येईल तिकडं जातेत. पण परत यायला घर नगं का? एकानं घरी थांबावं लागतंय, दार उघडं ठिवून. त्यो मी."

आई तव्यापाशी होती. तिनं मागं न बघताच उत्तर दिलं, "जहाजावर बसून दुनिया फिरलास, अन् म्हणं घरी थांबलो. घरी कोण थांबलं ते मला इचार."

मामांचं सगळ्या जगाशी जमलं, पण एका माणसाकडून त्यांना एक वाक्य हवं होतं आणि ते काही मिळेना. त्याची सुरुवात वालूरलाच झाली. सुट्टीवर येताना ते एकदा वाद्य घेऊन आले, जयंतीला गावात वाजवायचं म्हणून. सेलूपासून पुढं काळीपिवळी जीप. जीपवाला म्हणाला, "काका, कपाट टपावर टाका."

"टपावर मी बसतो," मामा म्हणाले. "ह्याला आत घ्या."

खरोखरच वाद्य आतल्या बाकावर दोन बायकांच्या मधे आडवं झालं, आणि मामा मागच्या फळीवर लटकत, धूळ खात गावात उतरले. पोरं मागं धावत होती. डबल बेस हे नाव आमच्या घरात कधी रुजलं नाही. त्या दिवसापासून ते कपाटच.

कार्यक्रम जोरात झाला. मामा पार्टीच्या मागं उभे राहून डोळे मिटून वाजवत होते. पण आवाज होता झाडाला बांधलेल्या पत्र्याच्या भोंग्यांवर. त्यातून गायकाचा चढा सूर शिवारापर्यंत जातो, खालचा सूर मात्र भोंग्यातच मरतो. साऊंडवाल्यानं कौतुकानं मामांसाठी एक जादा भोंगा लावला होता, म्हणजे त्यांचा सूर आणखी एका ठिकाणी मेला. मामा घामेघूम होऊन आईपाशी आले. "आक्का, कसं झालं?"

"लय भारी. गाणं ऐकू आलं, ढोलकी आली, पेटी आली," आई म्हणाली. "तुझंच तेवढं आलं न्हाई."

मामा हसले. पण ते वाक्य त्यांच्या आत कुठंतरी रुतलं असावं, कारण नंतर ते जहाजावरून कॅसेटी पाठवू लागले. आमच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर पिपाणीसारखं सगळं ऐकू यायचं, फक्त बेस नाही. आई पत्रात लिहायला सांगायची, "बाजा चांगलाय. तू कुठं होतास?" मोबाइल आले, मग व्हिडिओ आले. आई फोन कानाला लावून, मग डोळ्यांपुढं धरून बघायची. "नुसता कपाटाला धरून उभा दिसायलास. वाजिव की कायतरी."

"वाजवायलोय आक्का," पलीकडून मामा कळवळून सांगत.

निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे परभणीला राहायला आले; आई आधीपासून माझ्याकडंच होती. लग्न केलेलं नव्हतं. सामान म्हणजे एक ट्रंक, एक इस्त्री, बो ठेवायची डबी आणि कपाट. मी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली, आणि कपाट मधल्या खोलीत, आईच्या लाकडी दिवाणाशेजारी ठेवलं, कारण दुसरीकडं ते मावतच नव्हतं. मामा मला मुकादम म्हणायचे. "मुकादमांनी जागा दिली, आता हालायचं न्हाई," असं वाद्यालाच सांगायचे.

पण परभणीचा उन्हाळा कुणालाच सोडत नाही. लाकूड सुकलं की सांधा उकलतो, म्हणून चैत्र लागताच मामांनी घरातला एकुलता एक कूलर वाद्याकडं वळवला. गोणपाट ओलं करून खिडकीला लावलं. आई दिवाणावर पदरानं वारा घेत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बहीण वाळली तरी चालंल, कपाट वाळू नये." मी मधला मार्ग म्हणून कूलर तिरका ठेवला. मामा हळूच पायानं सरळ करायचे. आई काठीनं परत तिरका करायची. उन्हाळाभर हे चालायचं.

त्याच सुमारास आईला ऐकू येईनासं झालं. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग नातवंडांचे आवाज. कानाचं मशीन आणलं, ते तिनं सुपारीच्या डब्यात ठेवून दिलं. डॉक्टरांकडे मी आणि मामा दोघं तिला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, या वयात असंच होतं, बारीक आवाज आधी जातात.

मामांनी विचारलं, "आन् जाड?"

"ते बरेच दिवस टिकतात."

घरी आल्यावर मामा चपला पायात तशाच ठेवून मधल्या खोलीत गेले. आईला दिवाणावर बसवलं. वाद्याच्या बुडाला लोखंडी खुंटी असते, ती जमिनीवर टेकवायची असते. मामांनी ती दिवाणाच्या फळीवर टेकवली, आईच्या अगदी शेजारी, आणि स्वतः पाटावर उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, दिवाणाला भोक पडेल."

"पडू दे मुकादम."

मग ते वाजवू लागले. गाणं असं काही नव्हतं. एकेक ठोस सूर, एकापुढं एक पाऊल टाकल्यासारखा, न थांबता. दिवाण घुमू लागला. त्यावरच्या डब्यातली सुपारी थरथरू लागली. आईनं आधी फळीवर हात ठेवला, मग मान वर केली.

"कोण चालायलंय गं?"

"मी हाय आक्का," मामा वाकून तिच्या कानाशी मोठ्यांदा म्हणाले. हात थांबला नव्हता. "मीच चालायलोय. ऐकू येतंय?"

"येतंय की," आई म्हणाली. "एवढं वरडायला बहिरी हाय का मी?"

मामा इतके हसले की त्यांचा ताल चुकला. जहाजावरच्या कुठल्याही फोटोत मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही. त्यानंतर रोज दुपारी चहाआधी हा कार्यक्रम ठरलेला. दिवाणाला भोक पडलंच. मी त्यावर रबराची चकती ठोकून दिली.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दुपारचं वाजवून झालं, चहा घेतला, आडवे झाले ते उठलेच नाहीत. सगळं आटोपल्यावर मी व्यवहारानं विचार केला. वाद्य जागा फार घेतं आणि वाजवणारं आता कुणी नाही. पुण्याच्या एका बँडनं ते मागितलंही होतं. त्यांची माणसं गाडी घेऊन दारात आली. त्यांचं बोलणं आईला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी ती उठून वाद्यापाशी जाऊन उभी राहिली, काठी दाराकडं रोखून. माणसं चहा पिऊन परत गेली.

उन्हाळा लागला. मी कूलर भरला आणि सवयीनं तिरका ठेवला. आई म्हणाली, "माझ्याकडं कशाला? त्याच्याकडं लाव. वाळंल ते." मी सरळ केला. तिनं काठी उचलली नाही.

रविवारी जाळीजळमटं काढताना मी दिवाणाला टेकलेलं कपाट पुसते. एकदा फडकं जाड तारेत अडकलं आणि तार वाजली. आई दिवाणावर शेंगा सोलत होती. तिनं मान हलवली. "उतरलंय गं. चढिव जरा."

तेव्हापासून सूर लावणं माझ्या रविवारच्या कामांत आलं, पाण्याची टाकी धुतल्यानंतर आणि दळणाच्या आधी. फोनवर त्यासाठी सूर दाखवणारा काटा मिळतो. तार पिळून काटा मधोमध आणला की फोन हिरवा होतो. मी तार छेडून आईकडं बघते. ती फळीवर तळवा ठेवून थोडा वेळ थांबते.

"अजून जरा," म्हणते.

मी फोन बाजूला ठेवून अजून जरा पिळते.