ज्योतीरामची पाच मिनिटं
आमच्या भोसरीच्या कंपनीत ज्योतीरामइतका शिस्तीचा माणूस दुसरा नाही. बावीस वर्षं लेथवर. मशिन पंधरा मिनिटं मोकळं फिरवल्याशिवाय पहिल्या जॉबचं, म्हणजे कातलेल्या तुकड्याचं, माप घेणार नाही. "थंड मशिनचं माप खोटं ऱ्हातंय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मार्चमध्ये त्याला क्रेनवर घ्यायचं ठरलं. क्रेनला रात्रपाळी नाही, म्हणून स्वारी हरखली होती. अडचण एकच, मेडिकल. या शहाण्याने काय करावं? रात्रपाळी संपवली, तंबाखूचा बार भरला, दोन कडक चहा मारले आणि मेडिकल रूमचे तीन मजले झपाझप चढला. अंग गरम झालं की माप बरोबर येईल, हा त्याचा हिशोब. नाडी निघाली एकशे अठरा. पाच मिनिटं बसवून मोजली, तरी एकशे आठ.

आम्रपाली सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, माणसाचं माप निवांत असताना घ्यायचं. साठ ते शंभरच्या आत पाहिजे. चहा, तंबाखू, जागरण, जिना, भीती, सगळ्यानं वाढते. आठवडाभर दिवसपाळी घ्या, रोज उठल्यावर पाच मिनिटं गप्प बसून मोजा. शुक्रवारी या. तेव्हाही शंभरच्या वर राहिली, तर डॉक्टरांना दाखवू."

क्रेन हातची जाते की काय, या धास्तीने बिचाऱ्याला झोप लागेना. गप्प बसणंही जमेना. बसला की गळका नळ आठवायचा. शेवटी त्याच्या बायकोने, वर्षालीने, तंबाखूची पुडी जप्त केली, त्याला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. नाडी ब्याऐंशी. मग अठ्ठ्याहत्तर. शुक्रवारी सिस्टरांकडे शहात्तर भरली आणि कागदावर सही झाली. मला मनापासून आनंद झाला. पेढे मी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बससाठी त्याला बोलवायला खोलीवर गेलो, तर दोघं खाटेवर तसेच बसलेले.

"आता मिळाला की कागद," मी म्हणालो.

"हिची कुठं मोजलीय अजून," ज्योतीराम म्हणाला. वर्षालीचं मनगट त्याच्या हातात होतं. एकवीस वर्षांच्या संसारात त्याने ते इतका वेळ कधी धरलं असेल, असं मला वाटत नाही.

"सोडा की, भावजी आलेत," ती म्हणाली.

"बोलू नको, माप चुकायलंय," म्हणत त्याने पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. मी दारातच थांबलो. त्या दिवशी आमची बस चुकली.