नातीचा प्रोग्रॅम आत गेला तेव्हा

पिकत्या केळ्यांचा वास आला की रावेरची ती दुपार आठवते. केळी पिकवायच्या खोलीत थंडी सांभाळणारं यंत्र माझ्या नातीच्या प्रोग्रॅमवर चालायचं, आणि ती खोलीच्या दाराशी लॅपटॉप घेऊन रडकुंडीला आली होती. कॉम्प्युटरच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि तो सांभाळणारे लोक परदेशात असतात, एवढं तिनेच मला सांगितलं. त्या गाभ्यातलं एक फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करून देणारा तुकडा, तिचा बाहेरचा प्रोग्रॅम वापरायचा. नव्या कर्नलमध्ये ते बाहेरच्यांना बंद झालं, म्हणजे तिचं यंत्रही बंद पडणार. तिने त्या लोकांना विनंती केली, तर उत्तर आलं, गाभ्याच्या आतला एखादा प्रोग्रॅम ते वापरत असेल तरच उघडू. "मग तुझा प्रोग्रॅमच त्यांच्या आत दे ना," मी म्हटलं. "आजी, ते ओळ न् ओळ वाचतात, सगळ्यांसमोर चुका काढतात." "काढू दे. तुले पाहायले आलेल्या पोराच्या दहा चुका तूच काढल्या होत्या ना? तो मेला का?" ती हसली आणि तिथेच बसून तिने पाठवला. आठवड्याने सतरा चुका आल्या. खाली लिहिलं होतं, काम उपयोगाचं आहे, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. चौथ्या खेपेला त्यांनी तो घेतला आणि फंक्शन उघडलं. मला त्यातलं अजूनही काही कळत नाही. आता दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तीच वाचते, आणि चुका सांगताना माझ्यापेक्षा बरं बोलते.