त्यांची डावी बाजू

लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा लालबागच्या मिलमध्ये कामाला आहे आणि मिलच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर आहे. मी कोकणातून आलेली, मॅट्रिक पास, म्हणजे स्वतःला फार शहाणी समजणारी. लग्नानंतर पहिल्यांदा मॅच बघायला गेले, तर बाकीचे घाम गाळत धावतायत आणि आमचे हे कमरेवर हात ठेवून दोन खांबांमध्ये उभे. मला वाटलं, काहीतरी चुकलं असणार, शिक्षा केलीय. हाफटाइमला जवळ जाऊन हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला का नाही घेतलं खेळायला?" टीममधल्या एकाने ते ऐकलं आणि मिल बंद पडेपर्यंत ते वाक्य माझ्या मागे लागलं.

सासूबाईंना मात्र लेकाचा अभिमान. "माझो झील नुसतो उभो रवता आणि पगार गावता," असं त्या नळावर सगळ्यांना सांगायच्या. पगार खरं तर फोल्डिंग खात्याचा. सकाळी कापडाच्या घड्या, दुपारी साहेबच मैदानावर पाठवायचे. खेळ चांगला म्हणूनच ती नोकरी मिळाली होती.

मग संप आला. गेट बंद झालं, मिलच्या मैदानालाही कुलूप लागलं. लोक म्हणायचे, दोन महिन्यांत मिटेल. हे जिन्यावर बसून नखं कुरतडायचे. एकदा म्हणाले, "फॉरवर्ड भिंतीवर बॉल मारून सराव करेल. माझ्यावर कुणीतरी मारायला पाहिजे ना."

"मी मारते की," मी म्हणाले. जन्मात बॉलला पाय लावलेला नव्हता.

चाळीच्या चौकात बॉल आणायची सोय नव्हती, काचा फुटायच्या. म्हणून मी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं घट्ट गाठोडं बांधलं, पाण्यात बुडवून जड केलं, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली यांच्यावर फेकायला लागले. त्यांच्या उजव्या हाताला शेजारणीची पाण्याची पिंपं होती. तिसऱ्याच दिवशी गाठोडं एका पिंपात पडलं आणि शेजारीण माझ्याशी आठवडाभर भांडली. तेव्हापासून मी सगळं डावीकडेच फेकलं. रोज संध्याकाळी, संप चालला तेवढे महिने. मी यांना तयार करतेय अशा तोऱ्यात असायचे. प्रत्यक्षात मी पिंपांना घाबरत होते.

मिल काही उघडली नाही. शेवटी फोर्टमधल्या एका कंपनीने टीमसाठी माणसं निवडायला मॅच ठेवली आणि यांनाही बोलावलं. गोलकीपर एकच घेणार होते, पर्मनंट नोकरीवर. यांचं वय होत आलं होतं. ही संधी गेली तर पुढे फुटबॉल नाही आणि गिरणीही नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत, पोट बिघडलंय म्हणाल्या.

मी कोकमाचं सरबत देण्याच्या निमित्ताने परळच्या मैदानावर गेले. कंपनीचे जुने खेळाडू एका बाजूला, नवे उमेदवार दुसऱ्या बाजूला. हे पिवळ्या जर्सीत, जुन्यांच्या गोलमध्ये. मला वाटलं, नशीब काढलं. पण झालं उलटंच. जुने इतके पक्के की बॉल यांच्यापर्यंत येईचना. समोरचा उमेदवार गोलकीपर मात्र सारखा उड्या मारत होता. तीन गोल खाल्ले तरी कंपनीचे टोपीवाले साहेब त्याच्याकडे बघून वहीत लिहीत होते. आमचे हे उभे. पहिल्यांदा बघितले होते तसेच. यावेळी मला हसू आलं नाही.

हाफटाइमला मी सरबताची बाटली घेऊन चुकीच्या टोकाला गेले. नव्यांच्यातला एक दाढीवाला फॉरवर्ड बूट बांधत बसला होता.

"भाऊ, तो पिवळ्या जर्सीवाला गोलकीपर डाव्या अंगाला कच्चा आहे बरं का. लांबून मारलंत तरी जाईल."

"तुम्हाला काय माहीत?"

"आमच्याच चाळीत राहतो. डाव्या हाताने वाटी धरता येत नाही त्याला."

"त्याचा डावा की आपला डावा?"

"त्याचा."

तो सरबत प्यायला, त्याने तोंड पुसलं. दुसऱ्या हाफमध्ये तीन वेळा त्याने लांबून बॉल मारला, तिन्ही यांच्या डावीकडे. मी यांच्या गोलमागे उभी होते. तिन्ही वेळा हे असे झेपावले, जणू मीच गॅलरीतून फेकतेय. साहेबांची वही आता इकडे वळली. चौथ्या वेळी दाढीवाल्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बॉल उजवीकडे मारला. गोल. वाटलं, आपल्या शहाणपणाने घर बुडालं.

कंपनीने यांना घेतलं आणि त्या दाढीवाल्यालाही. महिन्याभराने हे त्याला घरी जेवायला घेऊन आले. दार मीच उघडलं. तो पाट ओढून बसला, माझ्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, सोलकढी डावीकडे ठेवा. आमच्या दोस्ताची डावी बाजू फार भारी आहे." मी बांगड्याचं कालवण त्याच्या ताटात जरा जास्तच वाढलं.

त्यानंतर यांनी खूप वर्षं गोल सांभाळला. बोटं वाकडी झाली, लग्नातली अंगठी कधीच काढून ठेवली. आमच्या मिलच्या जागी आता काचेची इमारत आहे. फोल्डिंग खातं नेमकं कुठे होतं, यावर हे आणि ते दाढीवाले, आता टक्कलवाले, दर रविवारी भांडतात. मग गाडी परळच्या मैदानावर येते.

"मी याच्या डोळ्यांत बघून ओळखायचो, बॉल कुठे येणार ते," हे नातवंडांना सांगतात.

"ओळखायचा खरा," टक्कलवाले चहात बिस्किट बुडवत म्हणतात.

"आणि तो एक गोल गेला, तो ऊन डोळ्यांवर आलं म्हणून. विचारा तुमच्या आजीला, ती तिथेच होती."

ऊन माझ्या पाठीवर होतं. म्हणजे यांच्याही. टक्कलवाले कपाच्या वरून माझ्याकडे बघत असतात.

"होतं तर," मी म्हणते. "डोळे उघडवत नव्हते."