मनगटावरचा बिब्बा

पहिल्या मुलाच्या वेळी माझं उजवं मनगट दुखायला लागलं. मी तेव्हा विशीच्या आतली. इंग्रजांचा अंमल होता. माहेर डोईफोडियाकडचं, शेतकऱ्याचं. कापूस वेचत वाढलेली मी. सासर बुऱ्हाणपुरातलं. सासरे कचेरीतून निवृत्त झालेले, थोरले दीर कापसाच्या आडतीवर, आणि आमचे हे शाळेत मास्तर. घरातलं सगळं काम सासूबाईंच्या नजरेखाली जाऊबाई आणि मी करायचो.

दुखायचं ते नेमकं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला. भरलेला तांब्या उचलला की कळ कोपरापर्यंत जायची. लुगडं पिळता येईना. सकाळी अंगठा हलवला की आत कोरड्या चामड्यासारखं काहीतरी करकरायचं. सगळ्यांत वाईट म्हणजे बाळाच्या काखेत हात घालून त्याला पाळण्यातून उचलताना. तेव्हा मी दात आवळून धरायची.

कारणं सगळ्यांना ठाऊक होती. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीने गार पाण्यात हात घातला, वारं शिरलं. शेजारणीने दृष्ट काढायला सांगितली. सासऱ्यांनी मला काही विचारलं नाही; ओसरीवरून यांनाच ऐकवलं की बायकांच्या हाती टाक दिला की असंच व्हायचं. लग्नानंतर हे मला लिहायला शिकवत होते, आणि मी वडिलांना चार ओळी खुशालीच्या लिहायची, एवढंच माझं लिहिणं. दुसऱ्या दिवशी यांनी दौत उचलून वरच्या फडताळात ठेवली.

मग सासूबाई मला राजघाटाजवळ एका पहिलवानाकडे घेऊन गेल्या. तो हाडं बसवायचा, माणसांची आणि बैलांचीही. तेलाचं भांडं दोघांना एकच. त्या तेलात काळे केस तरंगत होते. तोंडातली तंबाखू बाजूला थुंकून त्याने ओठ हाताने पुसले आणि तोच हात माझ्या मनगटावर फिरवायला लागला. पदराआड मी श्वास धरून बसले. त्याने अंगठा धरून जोरात ओढला. कट् असा आवाज आला, तशा सासूबाई समाधानाने मान हलवून म्हणाल्या, "बसलं." बसलं काहीच नव्हतं. घरी येऊन मी राखेने हात घासला, शिकेकाईने घासला. तो वास जेवताना नाकात यायचाच.

गुण येईना म्हणून सासूबाईंनी बिब्बा काढला. सुई तापवून बिब्ब्यात खुपसली की काळं तेल सुटतं. ते त्यांनी माझ्या मनगटावर टिपलं. मी नको म्हटलं तर म्हणाल्या की त्यांच्या सासूने त्यांच्या गुडघ्याला असंच केलं होतं. तिसऱ्या दिवशी फोड आला, पाण्याने टरटरलेला. तो फुटला आणि पाणी जिथं जिथं लागलं तिथं नवे फोड उठले. चिंधी जखमेला चिकटायची. सोडवताना कातडीचा पापुद्रा तिच्याबरोबर यायचा. पिवळट, आंबूस पू. माशा हटायच्या नाहीत. मला माझ्याच हाताची किळस यायला लागली. पोळीचा तुकडा मी डाव्या हाताने, कुणी पाहत नाही असं बघून तोंडात घालायची. सासूबाई मात्र आल्यागेल्याला चिंधी वर करून दाखवायच्या. विकार बाहेर पडतोय, म्हणायच्या.

आणि एका सकाळी बाळाचा गाल लाल होऊन सुजलेला दिसला. मी पाजताना माझं मनगट त्याच्या गालाशी असायचं. तेव्हा कुठे हे मला दवाखान्यात घेऊन गेले. माझ्या हातासाठी नाही नेलं, हे मी मनात ठेवलं.

तिथली डॉक्टरीण हिंदी बोलायची. तिने जखम धुतली, बाळाच्या गालाला मलम लावलं आणि मला म्हणाली, "बच्चे को कैसे उठाती हो, दिखाओ."

मी दाखवलं. अंगठे ताणून बाहेर, बाकीची बोटं काखेखाली, सगळं वजन मनगटावर. मग तिने मला अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीकडे झुकवायला सांगितली. मी ओरडलेच. तिने यांना समजावून सांगितलं की अंगठ्याच्या दोऱ्या मनगटाशी एका अरुंद नळीतून जातात, त्या घासून सुजल्यात. बाळंतपणात अंगावर सूज असतेच. त्यात दिवसभर उचलणं, पिळणं, दळणं. मागावर बसणारी तरणी पोरं, कापूस वेचणाऱ्या मुली, कचेरीत दिवसभर लिहिणारे, अशांनाही हे होतं; पण माझ्या लिहिण्याबद्दल यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, चार ओळी लिहून नाही होत. तिने मनगट आणि अंगठा एका लाकडी पट्टीला बांधून दिला आणि सांगितलं की काही आठवडे या हाताने बाळाला उचलायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. "आप उठाइए," ती यांना म्हणाली.

आज कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळी आईवडिलांसमोर स्वतःचं मूल उचलून घेणं हा निर्लज्जपणा होता. हे खोलीचं दार लोटून बाळाला छातीशी धरायचे, त्याच्या टाळूचा वास घ्यायचे. दार उघडलं की तेच मूल परक्याचं. ओसरीवर बाळ रडून काळंनिळं व्हायचं आणि हे समोर बसून धोतराच्या निऱ्या सारख्या करायचे. बिब्ब्याच्या पुवाची मला आली नसेल एवढी शिसारी त्या निऱ्या चापणाऱ्या बोटांची आली. मी पट्टी सोडून बाळाला उचलायची, पुन्हा बांधायची. हात बरा होणार कसा?

एका सकाळी सासूबाई सोवळ्यात देवापाशी होत्या, जाऊबाई कुंडीवर, म्हणजे आमच्याकडच्या भुयारी कालव्याच्या विहिरीवर, पाण्याला गेल्या होत्या. सासरे झोपाळ्यावर, हे शाळेला निघालेले. बाळ पाळण्यात टाहो फोडत होतं. मी उठले नाही. बांधलेला हात मांडीवर ठेवून, डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाले,

"अहो, बाळाला उचला. माझा हात बांधलेला आहे."

सासऱ्यांसमोर मी नवऱ्याशी कधी शब्द बोलले नव्हते. झोपाळा थांबला. यांनी वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाळण्यापाशी जाऊन बाळाला उचललं. ते यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर मुतलं. सासरे उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि बाहेर निघून गेले. बरेच दिवस ते जेवताना लेकाकडे पाठ करून बसायचे. सासूबाई म्हणाल्या, घराची रया गेली. पण हे उचलत राहिले. आधी कान लाल करून, मग सवयीने.

पावसाळा संपेपर्यंत माझी कळ गेली. सासूबाईंनी गल्लीत सांगितलं की बिब्ब्याने गुण आला, आणि आणखी दोन सुनांच्या मनगटावर तो टिपायला घेतला. मी त्या पोरींना गाठून नको म्हणून सांगितलं. दोघींपैकी एकीनेही ऐकलं नाही. त्यांच्या सासवा जवळच उभ्या होत्या.

पुढे एकदा कुंडीवर जाऊबाई दोर ओढताना मला दिसल्या. अंगठा दोराला लागू न देता नुसत्या बोटांनी ओढत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, पहिल्या लेकीपासून आहे, तीन बाळंतपणं झाली, आता कुठे सांगत बसू. मी माझी पट्टी देऊ केली, दवाखान्यात सोबत येते म्हटलं.

"तुझे मास्तर लेकरू उचलतात गं," त्या म्हणाल्या. "आमचे उचलतील का?" आणि घागर कमरेवर घेऊन चालायला लागल्या.

त्या संध्याकाळी पुरुष जेवायला बसले होते. जाऊबाई वरण वाढत होत्या, डाव्या हाताने. थोरल्या दिरांनी ताटावरून मान वर केली.

"डाव्या हाताने वाढतेस? मेल्याचं जेवण आहे का हे?"

जाऊबाईंनी वरणाचा डाव उजव्या हातात घेतला. अंगठा न लावता त्या वाढत होत्या, वरण पाटावर सांडत होतं, आणि दीर भुरके मारत होते. मागून आम्ही बायका बसलो तेव्हा जाऊबाईंच्या हातून डाव घेऊन मी वाढलं.