खोट्या नवसाचे रोडगे

अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना तपासलं आणि सल्ला दिला, "काकाजी, रोज सकाळी हिरवळीत फिरा. झोप येईल, भूक लागेल, मन रमेल."

सासरे म्हणाले, "सारा जनम हिरवळीतच गेला, डॉक्टरसाहेब. मंग बिमार कसा पडलो?"

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

लागोपाठ कपाशी बुडाली, तेव्हा मूर्तिजापूरकडचं शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला देऊन सासू-सासरे आमच्याकडे अकोल्याच्या जठारपेठेत राहायला आले होते. सासरे दिवसभर खिडकीशी बसत आणि रात्रभर छताकडे बघत. बोलणं जवळजवळ बंद. त्या वर्षांत वऱ्हाडात घरातला शेतकरी असा गप्प झाला की बाकीच्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. कशाची भीती आहे ते कोणी बोलून दाखवत नव्हतं. सासरे न्हाणीघरात गेले की सासूबाई बाहेर उगाच झाडू घेऊन उभ्या राहत, रात्री त्यांच्याबरोबर जाग्या राहत, आणि त्यांना एकटं कुठे म्हणून जाऊ देत नसत.

तरी मी त्यांना घराशेजारच्या बागेत धाडलं. तासाभरात बागेचा चौकीदारच त्यांना परत घेऊन आला. कडेने शोभेचं म्हणून लावलेलं गवत सासऱ्यांनी मुळासकट उपटून, माती झटकून, ओळीने रचून ठेवलं होतं.

"ताई, बाबाजीले समजवा. नर्सरीतून आनलं होतं ते."

"तन इकत आनता?" सासऱ्यांनी विचारलं. "तुमचा साहेब कोन्या गावचा हाये?"

चौकीदाराला चहा पाजून वाटेला लावलं. पण त्या दुपारी सासऱ्यांनी स्वतःहून दुसरी पोळी मागितली, आणि माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांचं औषध बरोबर होतं, घ्यायची रीत चुकत होती. आमच्याकडचा माणूस हिरवळीत मोकळ्या हातांनी फिरत नाही. तसं फिरणाऱ्याला इकडे रिकामटेकडा म्हणतात.

शेतात न्यायला हवं होतं. पण बटईने दिलेल्या शेतात पाय ठेवायचा नाही, असं ते ठरवून बसले होते. मग एका संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं की मुलीच्या बारावीसाठी मी शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, म्हसोबाला रोडग्यांचा नवस बोलले होते. नवस बोलल्या जागीच फेडावा लागतो. शिवाय गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम, आणि माझे पती गॅस पेटवतानाही दचकतात. सासऱ्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोरगी बारावी होऊन साल झालं," ते म्हणाले.

"म्हनूनच तर भेव लागते, मामाजी. उशीर झाला."

पावसाने उघडीप दिली तसे आम्ही गेलो. बटईदार मूर्तिजापूरचे, सासऱ्यांच्याच वयाचे मुसलमान शेतकरी. मी त्यांना चाचा म्हणते. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की डॉक्टर असं असं म्हणाले आहेत, तेव्हा आम्ही आलो की कामाला हात लावू नका. त्यांनी हे फारच मनावर घेतलं. बाजेवर पाय पसरून बसले होते.

सासरे पिकातल्या तणाकडे बघत धुऱ्यावरच थांबले. "डवरा कवा फिरवला?"

"फिराएंगे ना, भाऊ. क्या जल्दी है?"

"जल्दी? तन गुडघ्याले लागून राहिलं, दिसत नाही तुले?"

"अच्छा तो दिख रहा है. हरा हरा. डॉक्टर लोग बोलते, हिरवळ तब्येत कू अच्छी रहती."

सासऱ्यांनी चपला काढल्या आणि तण उपटत पिकाच्या ओळींमधल्या तासात शिरले. बाहेर आले तेव्हा धोतर चिखलाने भरलं होतं आणि चाचांचा, मुलाचा, सरकारचा आणि बियाणं विकणाऱ्यांचा उद्धार करून झाला होता. इतके शब्द आम्ही कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. मग त्यांनी आर पाडला, रोडगे भाजले, ते तुपात चुरून वांग्याच्या भाजीशी खाल्ले आणि चाचांना उठवून त्यांच्याच बाजेवर निंबाखाली आडवे झाले. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं. सासूबाईंनी घासायला घेतलेली परात अलगद खाली ठेवली आणि तोंड फिरवून बसल्या.

ती झोप आठवडाभर पुरली. पुन्हा छताकडे बघणं सुरू झालं तेव्हा मी नवऱ्याची बदली टळल्याचा नवस काढला. त्यानंतर फ्रिज दुरुस्त झाल्याचा.

"म्हसोबा काय मेकॅनिक हाये का वं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

पुढच्या खेपेला सासऱ्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "आता कायचा नवस हाये?"

मी डब्यांची झाकणं लावू लागले. ते म्हणाले, "देवाच्या नावानं खोटं बोलून राहिली तू. मले का समजत नाही? याचं प्रायश्चित्त घ्या लागन."

"काय करू, मामाजी?"

"रोडगे. शनवारी. अन् या खेपेला धुराच्या बाजूनं तू बसजो."

शनिवारपर्यंत त्यांना दम निघाला नाही. शुक्रवारी सकाळीच ते पिशवीत विळा घालून एसटीला निघाले. चाचावर भरवसा नाही म्हणे. मी पतींना सोबत धाडायला उठवत होते, तर सासूबाईंनी मला थांबवलं.

"जाऊ दे एकटे," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेऊन झोपायला गेल्या.