हार्ड डिस्कमधलं गाऱ्हाणं

देवचार, भुतंखेतं... असला विषय कुणी काढला की मी सरळ उठून जायचो. गोव्यातल्या साखळी गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. कॅमेऱ्यात येतं तेवढंच खरं, हे माझं ठाम म्हणणं. आणि आता मीच हे लिहितोय! हसा खुशाल. मला लाज वाटतेय ती वेगळ्याच गोष्टीची.

काही वर्षांपूर्वी स्टुडिओत नवी सिस्टिम घेतली. जुन्यातला सगळा डेटा एका हार्ड डिस्कवर घेतला आणि जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून विकून टाकला. बायको म्हणाली, "नवीन यंत्र आहे, नारळ तरी वाढवा." बरं! कॉम्प्युटरला कुंकू लावलं, शेजारी ठेवलेल्या हार्ड डिस्कलाही फूल वाहिलं. मग मला चेव आला. देवळातल्या मानकऱ्यासारखे हात जोडून मी चक्क गाऱ्हाणं घातलं – "बा देवा कॉम्प्युटरा, व्हायरस येत आसात तर वेशीभायर घाल!" दुकानातले सगळे खिदळत ओरडले, "व्हय म्हाराजा!" त्याच तोऱ्यात मी नारळ टेबलाच्या कडेवर आपटला. पाणी सगळं हार्ड डिस्कवर. डिस्क बंद!

पणजीच्या रिकव्हरीवाल्याकडे ती देऊन आलो आणि घरात तोंड लपवून बसलो. कारण त्यात भिकाजीकाकांचा व्हिडिओ होता. इब्रामपूरकडच्या एका देवळात जत्रेला सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घरचा. शब्द तोंडीच चालत आलेले. मी ते एकदा शूट केलं होतं. नारळाच्या काही महिने आधी काका वारले आणि मान मुलाकडे आला, रोहिदासकडे. तो मांद्र्याला गेस्टहाउसमध्ये कामाला, त्याला धड चार ओळी येत नव्हत्या. जत्रा तोंडावर आलेली.

"दादा, बाबांचा गाऱ्हाणा तुमच्याकडे आसा मा?"

"आहे रे! सिस्टिम अपग्रेड चालू आहे, देतो."

अशा किती थापा मारल्या, मोजू नका. शेवटी तो रडवेला झाला. "देवासमोर माझा तोंड उघडला नाय, तर मान दुसऱ्याक देतले. बाबांका काय वाटात?" तरीही मी खरं बोललो नाही. हिंमतच झाली नाही.

मग पणजीहून फोन आला. सगळं गेलं, एकच फाइल वाचलीय आणि तीही नुसता आवाज. सुरुवातीला काकांचा खणखणीत "बा देवा म्हाराजा" ऐकला आणि सुटलो बाबा, म्हणत मी पुढचं न ऐकताच रोहिदासला पाठवून दिली.

जत्रेला मी कॅमेरा घेऊन गेलो. रोहिदास उभा राहिला आणि काय सांगू, एकदाही अडखळला नाही! गुरं, पिकं, लेकीसुना, सगळ्यांसाठी मागितलं. आणि शेवटी –

"साखळीच्या फोटोवाल्यान तुझ्या नारळाची थट्टा केल्यान, ती पोराची चूक म्हणान पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

मी कॅमेरा खाली घेतला. नंतर त्याला बाजूला घेतलं. "ते शेवटचं तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनीच म्हटला हा मा त्यात. मी एकय शब्द सोडूक नाय." मग माझ्याकडे बघत, "पण दादा, तुमी कसली थट्टा केलास?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो. देवळाच्या दारात उभा राहून!

गाडीत बसून फाइल शेवटपर्यंत ऐकली. ती ओळ होती. काकांच्याच आवाजात, मध्ये त्यांचा नेहमीचा खोकला. काका तर मी नारळ फोडण्याच्या आधीच गेलेले. रिकव्हरीवाला ना मला ओळखत होता, ना त्यांना. कुणी म्हणेल आवाज बनवला असेल. पण कुणी आणि कशाला?

माझ्यासाठी मेलेल्या माणसाने देवाकडे पदर पसरला आणि मी त्याच्या मुलाला अजून खरं सांगितलेलं नाही. आता रोहिदास ते गाऱ्हाणं आपल्या पोराकडून पाठ करून घेतोय. त्या ओळीसकट.