जिभेला चिकटणारा दगड

मामा कोणताही नवा दगड आधी जिभेला लावून बघायचे. आसाम, गुजरातेत तेल शोधण्यात सगळी नोकरी झाली, तिथली ही सवय नाशिकला निवृत्त होऊन आल्यावरही सुटली नाही. आई ओरडायची, "दादा, बारशाला आलात आणि अंगणातला खडा चाटताय!"

त्यांच्या खिडकीत वालुकाश्माचा एक तुकडा असे. त्यावर ते पाण्याचा थेंब सोडत. थेंब आत जिरून जाई. असा दगड जिभेवरची ओल ओढतो, म्हणून चिकटतो, असं ते सांगत.

"जमिनीखाली तेलाचं तळं नसतं रे. ते असल्या कणांमधल्या फटींत असतं. पाण्याहून हलकं, म्हणून वर सरकत राहतं. वर काही झिरपू न देणारा घट्ट चिकणदगड हवा, आणि थर पालथ्या वाटीसारखा वाकलेला हवा. तरच अडकतं. वाटीला तडा असला, की गेलं."

असा एक तडा त्यांच्या नजरेतून सुटला होता. तिथे खणलेली तेलाची विहीर कोरडी गेली. त्याबद्दल ते फार बोलत नसत.

मग कळवणजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीवर तेलकट तवंग आला. तेल लागलं, अशी गावभर बातमी झाली. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, हौसेने मामांना बोलावलं. मामांनी बादलीत बोट बुडवून वास घेतला. काठावरचा काळा दगड जिभेला लावला. तो चिकटला नाही.

"दाजी, इथं तेल धरून ठेवील असा दगडच नाही. हे डिझेल आहे. वरच्या अंगाला कुठली तरी टाकी गळतेय. हे पाणी पिऊ नका."

"पाहुणे, तुमची विहीर कोरडी गेली. आमच्या विहिरीला लागलं तर पोटात दुखतंय व्हय?"

जमलेले लोक हसले. मामांनी आईच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी ओतून दिलं. अण्णांना तो अपमान वाटला. त्यांनी सगळ्यांसमोर त्याच बादलीतलं पाणी ओंजळीने प्यायलं.

येणंजाणं तुटलं. आई शेजारच्या वस्तीवरून पाणी आणू लागली. अण्णा हट्टाने विहिरीचंच पीत राहिले. मामा मला फोन करून एवढंच विचारत, "दाजी अजून तेच पितात?" मी हो म्हणालो की फोन ठेवून देत.

पुढे चढावरच्या पेट्रोलपंपाची टाकी उकरली, तेव्हा ती तळाशी सडलेली निघाली. अण्णांनी विहिरीचं पाणी सोडलं. मामांना फोन करा, असं मी म्हणालो. "करतो. कांदे निघू दे," म्हणाले.

कांदे निघायच्या आत मामा गेले. झोपेतच.

दहावा आटोपून आम्ही त्यांच्या घरी आलो. अण्णा कुणाशी न बोलता खिडकीपाशी गेले. वालुकाश्माचा तुकडा उचलला, उपरण्याने पुसला आणि जिभेला लावला.

"चिकटतो रे हा," ते म्हणाले. दगड परत खिडकीत ठेवायचं मात्र त्यांना सुचेना.